हाताच्या मापाचं विमान

दक्षिण तैवानातल्या गांगशानच्या उन्हाळ्यात कुणी लांब बाह्यांचा शर्ट घालून हिंडायला लागलं की लोक रस्त्यात थांबवून विचारतात, बरं नाही का म्हणून. पाओ-लिएनला मात्र कुणी विचारलं नाही. ती काचेच्या कापडात, म्हणजे फायबरग्लासमध्ये, काम करायची, आणि त्या कामातली माणसं बारा महिने झाकूनपाकूनच असतात. काचेचा भुगा एकदा कातडीत शिरला की झोपेचं खोबरं होतं. त्यामुळे त्या वर्षी तिने बाह्या मनगटाखाली, पार बोटांच्या पेरांपर्यंत ओढून घ्यायला सुरुवात केली, तरी नवऱ्याच्या काही लक्षात आलं नाही. त्याच्या लक्षात तसंही विमानाखेरीज फारसं काही येत नसे.

नवरा म्हणजे शिए त्सुन-यी. शिएंचं घर मूळचं तिखट चटणीवालं. अंगणात मातीच्या हंड्या, हंड्यांत मिरची घालून आंबत ठेवलेला घेवडा, आणि त्या वासात वाढलेली पोरं. मोठे दोघे तैपेईला गेले, नोकरीला लागले, सुटले. हा धाकटा राहिला, पण हंड्यांसाठी नाही. घरावरून दिवसभर हवाई दलाच्या शाळेची विमानं जायची आणि हा मान वर करून बघत बसायचा. त्याची आई म्हणायची, माझ्या या पोराची मान जन्मतःच उलटी बसवलीय. पुढे बोटी बांधायच्या कारखान्यात तो साचे करायला शिकला आणि बाप गेल्यावर अर्ध्या अंगणावर पत्रे टाकून त्याने स्वतःचा कारखाना काढला. तिथे तो जेट विमानं करायचा.

त्यांना खेळणी म्हटलेलं त्याला खपत नसे, आणि त्यात त्याचं चुकत नव्हतं. नाकापासून शेपटीपर्यंत छोट्या मोटारीएवढी लांबी, पोटात रॉकेल पिणारं खरंखुरं जेट इंजिन, आणि जमिनीवर उभं राहून रिमोटने उडवायचं. शिएंच्या कारखान्यातून मात्र अख्खं विमान कधी बाहेर पडत नसे. बाहेर पडायचं ते खोकं. त्यात पोट, पंख, शेपटी, वैमानिकाच्या डोक्यावरचं पारदर्शक छत, प्लायवूडच्या फळ्या, सगळं सुटं सुटं. जपानात नाहीतर जर्मनीत कुणी हौशी गडी ते खोकं घेऊन गॅरेजमध्ये शिरायचा आणि वर्षभराने विमान घेऊन बाहेर यायचा. हे लोक विमानासाठी नाही, बायकोपासून सुटायला किट घेतात, असं आ-ख्वेईचं मत होतं. आ-ख्वेई हा कारखान्यातला एकमेव पगारी माणूस. त्याचे पंजे फावड्याएवढे होते आणि तोंड त्याहून मोठं.

शिएंच्या किटला बाहेर मान होता तो एका गोष्टीसाठी. जेटच्या दोन्ही कुशींना हवा आत घेणारी तोंडं असतात. तिथून इंजिनापर्यंत वळत जाणारी नळी असते. कारखान्यात तिला सगळे घसा म्हणत. घशाचा साचा दोन अर्ध्यांचा. दोन्ही अर्ध्यांत रेझिनमध्ये, म्हणजे पुढे कडक होणाऱ्या चिकट रसात, भिजवलेलं काचेचं कापड बसवायचं आणि ते ओलं असतानाच अर्धे एकमेकांवर ठेवून बोल्ट आवळायचे. मग आतून, जोडावर, कापडाची ओली पट्टी चिकटवायची. बाकीचे कारखाने हे काम काठीला ब्रश बांधून करतात. त्यात पट्टीला चुणी पडते, चुणीखाली हवा राहते, आणि पुढे कधीतरी उडताना ती पट्टी सुटून इंजिनात गेली की विमान दगडासारखं खाली येतं. शिएंच्या घशात चुणी नसायची. जोडच सापडायचा नाही. कारण तिथे काठी जात नव्हती, पाओ-लिएनचा हात जात होता.

ती समुद्राकाठच्या मितुओची. बापाची माशांची तळी होती. तिकडचा दूधमासा खायला गोड, पण अंगभर काटे; आणि त्या गावच्या मुली शाळेत जाण्याआधी त्याचे काटे बोटांनी चाचपून काढायला शिकतात. डोळ्यांना दिसत नाही ते बोटाला लागतं. तीच बोटं पुढे बोटींच्या कारखान्यात कापडाखालचे हवेचे बुडबुडे शोधायला लागली. त्सुन-यीने तिला तिथेच पाहिलं. पाहिलं म्हणजे तिचं काम पाहिलं. एका होडीच्या पोटावरून हात फिरवत त्याने विचारलं होतं, "हे कुणी लावलंय?" लग्नाची बोलणी त्या प्रश्नाने सुरू झाली असं ती नंतर हसून सांगायची. सांगताना तिला त्यात काही वावगं वाटत नसे.

तर हात आत गेला की ती डोळे मिटून घ्यायची. पातळ हातमोजा घातलेला असायचा, पण शेवटी शेवटी तो काढायचाच. रबरातून बुडबुडा कळत नाही. उघड्या बोटांनी पट्टी कडेपासून कडेपर्यंत चेपत जायची, मग हात बाहेर, आणि थिनरने धुऊन टाकायचा. या धंद्यातले सगळेच असं करतात. करू नये हे रेझिनच्या पिंपावर छापलेलंही असतं, पण पिंपावरचं कोण वाचतं? तिने वर्षानुवर्षं हेच केलं आणि तिला काही झालं नाही, आणि मग एका वर्षी झालं.

आधी नुसती खाज. मग बोटांच्या बेचक्यांत बारीक पुरळ. मग पुरळाचे फोड, फोडांतून पाणी, आणि सकाळी उठल्यावर मूठ मिटेना. दुसरं एखादं घर असतं तर बोंबाबोंब झाली असती. पण चटणीवाल्याच्या घरात हाताची आग होते म्हटलं की कारण आयतंच असतं.

"काय झालं गं हाताला?" सासूबाईंनी एकदा चुलीपाशी विचारलं.

"मिरची लागली, आई. परवा हंडी ढवळली ना."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. सत्तरी ओलांडलेली बाई, सगळा जन्म मिरचीत गेलेला. तिचे तळहात वाळून, चिरून लाकडासारखे झालेले होते. "तीळतेल लाव," एवढंच त्या म्हणाल्या आणि भाताकडे वळल्या.

पाओ-लिएन गुपचूप कातडीच्या डॉक्टरकडे जाऊन आली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी हात उलटसुलट करून बघितला, काय काम करता विचारलं, आणि मान हलवली.

"तुमच्या अंगाने त्या रेझिनशी वैर धरलंय. हे वैर परत सुटत नाही. मलम देते, पण मलम लावून पुन्हा त्याच पिंपात हात घालणार असाल तर उपयोग नाही. आज हात आहे, उद्या नुसत्या वासाने घसा सुजेल. काम बदला. मालकांना स्पष्ट सांगा."

"मालक घरचेच आहेत."

"मग तर सोपंच आहे."

पाओ-लिएनने मान डोलावली. ही बाई लग्न झालेली नसणार, असं तिच्या मनात आलं.

सांगायला खरंच काय हरकत होती? तो मारकुटा नव्हता, तापट नव्हता. पण त्या वर्षी कारखान्यात घरावरून उडणारं विमान बनत होतं. हवाई दलाच्या शाळेचं दोन आसनी जेट, लहानपणी मान उलटी करून पाहिलेलं. आजवर त्याने परक्या देशांची विमानं केली, गिऱ्हाईक मागेल ती. हे त्याचं स्वतःचं होतं. त्याचा लाकडी नमुना त्याने तासला, घासला, पुन्हा भरला, पुन्हा घासला. जेवायला हाक मारली की धुळीने पांढऱ्या भुवया घेऊन यायचा आणि ताटात बघत विमानाबद्दल बोलायचा. त्या जेटची हवेची तोंडं अरुंद, आणि आत शिरताच घसा वळणारा. बाहेरच्या कुणी ते जसंच्या तसं केलं नव्हतं. सगळ्यांनी तोंड थोडं फुगवून घेतलं होतं, ब्रशाची काठी जावी म्हणून. त्सुन-यी फुगवणार नव्हता. शिवाय तोंडाची कड त्याला अखंड हवी होती, म्हणून तिथे साच्याला त्याने एकसंध कडं बसवलं. ते उघडत नव्हतं.

कडं करण्याआधी, तिच्या हाताला अजून काही झालं नव्हतं तेव्हा, एके दुपारी तो तिच्यापाशी आला आणि म्हणाला, "हात दे."

ती पट्ट्या कापत होती. त्याने असं आपणहून हात मागून किती वर्षं झाली होती ते तिला आठवेना. तिने एप्रनला हात पुसला, उगाच दोनदा पुसला, आणि पुढे केला. त्याने तो घेतला, अंगठा तळव्यात दुमडला, आणि खिशातून व्हर्निअर काढून पेरांवर लावलं. माप बघितलं, कानावरच्या पेन्सिलीने प्लायवूडवर लिहिलं, आणि हात परत टेबलावर ठेवून दिला.

आ-ख्वेई लांबून ओरडला, "दादा, अंगठीचं माप बोटाचं घ्यायचं असतं."

ती हसली. त्या दिवशी दिवसभर तिला छानही वाटलं होतं. एवढ्या मोठ्या विमानाचं तोंड आपल्या हाताच्या मापाचं होणार. जपानातलं जुनं गिऱ्हाईक, नागोयाचे ते दंतवैद्य नोझाकी, जे दर साली येऊन घशात दातांचा आरसा घालून जोड शोधतात आणि हरतात, ते याही वेळी हरणार. म्हणून सांगतो, तिच्या गप्प राहण्याला कुणी त्याग वगैरे म्हणू नये. तिने हात लपवला तो अर्धा नवऱ्यापायी आणि अर्धा गर्वापायी. त्या घरात तिची अशी एकच गोष्ट होती जी दुसऱ्या कुणाला येत नव्हती. ती गेली तर आपण कोण, हे तिला ठाऊक नव्हतं, आणि ते शोधायची तिला भीती वाटत होती.

पहिल्या घशाचा दिवस उजाडला तो ढगाळ आणि उकाड्याचा. रेझिनला उकाडा मानवत नाही, लवकर घट्ट होतं. व्हॅक्यूम पंपावर मक्याच्या खाऊचं हिरवं पाकीट ठेवलेलं होतं, यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून. गांगशानात काय, सगळ्या तैवानात यंत्रांवर ते ठेवतात.

"याची तारीख उलटलीय, दादा," आ-ख्वेई पाकीट फिरवून म्हणाला. "आज पंप रुसणार."

"मग नवीन आण. बडबड काय करतोस?"

"आणतो. वहिनी, तुम्हाला काही? बर्फाचा चहा?"

"नको." तिने बाह्या वर सरकवल्या नव्हत्या. हातमोजे घरातूनच घालून आली होती. आत मलमाचा थर होता. रात्रभर हात उशीवर उंच ठेवून झोपली होती, तरी सकाळी बोटं जाड झाली होती. आदल्या दिवशी कोरड्या साच्यात हात घालून पाहिला होता, तेव्हा गेला होता. आजही जाईल, असं तिने धरलं होतं.

दोन्ही अर्धे भरून झाले. त्सुन-यीने ते एकमेकांवर ठेवले आणि समोरासमोरचे बोल्ट आवळत गेला. मग बाजूला झाला. "चल," तो म्हणाला. त्याचा आवाज परीक्षेला बसलेल्या पोरासारखा झाला होता.

तिने ओली पट्टी बोटांवर घेतली, मोजा काढला, अंगठा दुमडला आणि हात तोंडात घातला. कड्यापाशी अडला. तिने श्वास सोडून जोर दिला, पेरांवरचे फोड कड्याला घासून फुटले, आणि हात आत गेला. डोळ्यांत पाणी आलं ते तिने खांद्याला पुसलं. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत नव्हता. साच्याच्या पलीकडच्या टोकाने टॉर्च मारून आत बघत होता.

"डावीकडे थोडं. हां. छान बसतंय. सोडू नकोस."

पट्टी बसली. वळणापर्यंत चेपली, वळणापलीकडे चेपली. बोटांना एरवी दिसायचं ते आज अंधूक दिसत होतं. फोडांची आग आणि रेझिनची आग एकच झाली होती. तरी तिने शेवटचा बुडबुडा शोधून कडेला नेला. झालं, असं म्हणून तिने हात मागे ओढला आणि हात आला नाही.

तिने पुन्हा ओढला. कड्यात पंजाचा फुगलेला भाग अडला होता, आणि ओढताना कडेचं ओलं कापड गोळा होऊन हाताभोवती दाटत होतं. जितकं ओढावं तितकं ते घट्ट. आत रेझिन कोमट व्हायला लागलं होतं. ते कोमट झालं की पुढे तापून दगडासारखं घट्ट होतं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

"त्सुन-यी."

"पट्टी हलली का?"

"हात निघत नाहीये."

"अंगठा दुमड."

"दुमडलाय. निघत नाही. सुजलाय हात. रेझिन गरम होतंय."

आता तो उठून या बाजूला आला. त्याने तिच्या कोपराला धरून हलकेच फिरवून पाहिलं. तिने ओठ चावला. आ-ख्वेई दारात नवं पाकीट हातात घेऊन उभा होता. बोल्ट काढून उपयोग नव्हता, अर्धे उघडले असते पण कडं उघडणार नव्हतं. कडं कापायचं, दुसरा रस्ता नव्हता. हे तिघांनाही एकदमच कळलं. आणि त्सुन-यीने साच्याकडे पाहिलं.

फार वेळ नाही. एक श्वास घेऊन सोडावा एवढाच वेळ. त्या तोंडाची ती कड, किती महिने बोटांच्या टोकांनी घासून काढलेली, तिच्यावरून त्याची नजर एकदा पूर्ण फिरली. मग त्याने हाताकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे. ती त्याच्याकडेच बघत होती. तिने ते पाहिलं हे त्याला दिसलं.

"करवत," तो आ-ख्वेईला म्हणाला. "पळ."

पुढचं मात्र त्याने चोख केलं. कड्याखाली पत्र्याची पट्टी सरकवली, तिच्या कातडीला पातं लागू नये म्हणून, आणि करवत चालवली. रेझिनचा साचा दगडासारखा कडक असतो, त्याच्या कपाळावरून घाम पडत होता आणि तो पुटपुटत होता, "हलू नकोस, हलू नकोस, झालंच." एका बाजूने चिरलं, दुसऱ्या बाजूने चिरलं, छिन्नी घालून कडं फोडलं. आ-ख्वेईने तोवर बोल्ट काढले होते. अर्धे उघडले आणि तिचा हात चिकट, वाफाळता, अर्धवट घट्ट झालेल्या कापडासकट बाहेर आला.

कापड सोलून काढताना बाही वर गेली. कोपरापर्यंत लालभडक, फोड, फोडांवर फोड, जुन्या फोडांच्या खपल्या. आ-ख्वेईने जन्मात पहिल्यांदा तोंड मिटून ठेवलं.

"हे कधीपासून?" त्सुन-यीने विचारलं.

ती बाही खाली ओढायला लागली.

"पाओ-लिएन. कधीपासून आहे हे?"

"तू शेवटचा हात धरलास ना," ती म्हणाली, "व्हर्निअर लावायला? त्याच्या नंतर."

सासूबाई आवाज ऐकून अंगणातून आल्या होत्या. त्यांनी तिला घरात नेलं, गार पाण्याखाली हात धरला.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "मिरचीने असे फोड येत नसतात."

"मग बोलला का नाहीत, आई?"

"तू तरी कुठे बोललीस?" मग नळ बारीक करत त्या म्हणाल्या, "मला वाटलं, या घरात आलेल्या बाईच्या हाताची आग व्हायचीच. माझ्या सासूचीही व्हायची. चुकलंच माझं." पाओ-लिएनने त्यांना असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. तिला रडू आलं ते तिथे, हाताच्या आगीने आलं नव्हतं.

त्यानंतर तिला पत्र्याखाली जायची बंदी झाली. बंदी डॉक्टरीणबाईंची, पण पाळली त्सुन-यीने. दाराला पडदा लावला, वास घरात येऊ नये म्हणून. ती पुढच्या खोलीत बसून खोकी बांधायची, फळ्या मोजून भरायची, सासूबाईंबरोबर चटणीच्या बाटल्यांना झाकणं लावायची. पडद्याआडून घासल्याचा आवाज यायचा. जेवताना तो ताटात बघायचा, पण विमानाबद्दल बोलेनासा झाला. ते तिला जास्त टोचायचं. मोडकं कडं त्याने टाकून दिलं नव्हतं. खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं होतं, दोन तुकड्यांत.

एक दिवस पडद्याआडून आवाज आला, "आ-ख्वेई, पंजा दे इकडे."

"काय दादा, आता माझ्याशी लग्न?"

"दे म्हणतो ना."

व्हर्निअरचा बारीक टकटक आवाज झाला. पाओ-लिएनने हातातलं झाकण बाटलीवर ठेवलं आणि ते फिरवायचं विसरून गेली. नवीन कडं मोठं होणार होतं, फावड्याएवढा पंजा जाईल एवढं. तोंड फुगणार होतं, जसं सगळ्यांनी फुगवलं होतं तसं. तिच्यासाठीच तो हे करत होता, तिच्यावाचून चालावं म्हणून करत होता. हे तिला पुरतं समजत होतं. आपल्याला वाचवायला आपल्याला वगळावं लागतं, ही गोष्ट माणसाने कशी गिळायची?

शरदात नोझाकी आले. ठेंगणे, टापटीप, येताना नेहमीसारखा बीनचा गोड पदार्थ घेऊन आलेले. चहाबिहा झाल्यावर त्यांनी खिशातून दातांचा आरसा काढला आणि नव्या घशात घातला. पाओ-लिएन पडद्याच्या अलीकडे उभी होती. ते बराच वेळ बघत राहिले, मग आरसा बाजूला ठेवून बोट आत घातलं. बोट एका जागी थांबलं, मागे आलं, पुन्हा तिथेच थांबलं.

"शिए-सान," ते आपल्या तुटक्या चिनीत म्हणाले, "इथे जोड लागतो."

"लागतो," त्सुन-यी म्हणाला.

"आणि तोंड... खऱ्या विमानापेक्षा मोठं आहे. तुम्ही चुकत नाही कधी."

"चुकलो नाही. असंच केलंय. असंच राहील."

नोझाकींनी त्याच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग मान लववली. खोकं घेऊन गेले ते. पण दारातून जाताना त्यांनी पाओ-लिएनच्या पांढऱ्या पट्ट्यांनी बांधलेल्या हातांना वाकून नमस्कार केला, जसा तिला कधीच केला नव्हता.

त्या दिवशी त्सुन-यी दुपार कलतानाच पत्र्याखालून बाहेर आला. हातपाय धुतले, साबणाने दोनदा धुतले, भुवयांवरची धूळ पुसली, आणि फळीवरची मलमाची ट्यूब घेऊन तिच्यासमोर स्टुलावर बसला.

"हात दे," तो म्हणाला.

तिने हात दिला नाही. "व्हर्निअर आणलंयस का?"

त्याने शर्टाचा खिसा उलटा करून दाखवला. त्यातून थोडा भुगा पडला, बाकी काही नाही.

मग तिने उजवा हात पुढे केला. त्याने पट्टी सोडवली आणि मलम लावायला घेतलं. त्याला ते जमत नव्हतं. त्याच्या बोटांना एकच काम येत होतं, नमुन्यावरून फिरून खडबडीत जागा शोधायचं, आणि बोटं तेच करत होती. प्रत्येक खपलीपाशी थांबत होती, पुढे जात होती, परत मागे येत होती.

"इथे अजून खडबडीत आहे," तो म्हणाला.

"पॉलिश पेपर मारू नकोस म्हणजे झालं."

तो हसला नाही. मान खाली घालूनच म्हणाला, "मी आधी साच्याकडे बघितलं."

"मला दिसलं."

"एकच क्षण."

"मला दिसलं, त्सुन-यी."

तो थांबला. ती काहीतरी म्हणेल म्हणून थांबला. असू दे, झालं गेलं, एवढं म्हणायला तिला जड नव्हतं, जन्मभर असल्या गोष्टींना ती तेच म्हणत आली होती. या वेळी ती म्हणाली नाही. वरून शाळेचं विमान गेलं, खिडकीवरची कड्याची दोन शकलं थरथरली, आणि लहानपणापासून त्या आवाजाला वर जाणारी त्याची मान वर गेली नाही. तो तिच्या हाताकडेच बघत होता.

उजव्या हाताला मलम लावून झालं. त्याने ट्यूबचं झाकण शोधायला हात फिरवला, तेव्हा तिने डावा हात पुढे केला.